काहिलीतलं शीड

आमचे कोल्हापूरचे घरमालक नव्या भाडेकरूला नाव, गाव, पगार असलं काही विचारत नसत. खोली बघायला आलेल्या माणसाच्या हातात ते वावभर दोरी द्यायचे आणि सोप्यातल्या खांबाकडे बोट दाखवून म्हणायचे, "बांधा बघू."

आम्ही गेलो तेव्हा आमच्या ह्यांनी ती दोरी घेतली, खांबाभोवती दोन वेढे दिले आणि बुटाची नाडी बांधतात तशी गाठ मारली. मालकांनी एक हिसका दिला. अख्खी दोरी त्यांच्या हातात आली.

"पावणं, ह्याला गाठ न्हाय म्हणत. ह्याला खांबाला नमस्कार घातला म्हणत्यात."

ह्यांचा चेहरा पडला. माझ्या माहेरी दावणीला चार जनावरं होती, त्यामुळे दावं बांधणं मला नवीन नव्हतं. मी पुढे झाले आणि गाईला बांधतात तशी गाठ मारली. मालकांनी ओढून पाहिली, पाय उचलून तिला लोंबकळून पाहिलं, मग मोकळ्या टोकाला नुसता झटका दिला तशी ती सुळकन सुटली. मालक खूश झाले.

"खोली वैनीस्नी दिली," ते म्हणाले, आणि ह्यांच्याकडे बघून, "तुमी ऱ्हायलासा तरी चालंल."

त्या घरात जितकी वर्षं राहिलो तितकी वर्षं आमचे हे स्वतःला पोटभाडेकरू म्हणवून घेत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. ह्यांची कचेरी भवानी मंडपाच्या बाजूला, आणि मी नव्या गावात, नव्या संसारात, एक हातानं चालवायचं शिवणाचं मशीन घेऊन आलेली. ते मशीन पुढे कुठल्या कामाला लागणार आहे हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मालकांचा धंदा मंडपाचा. लग्न, बारसं, कुस्तीचं मैदान, पुढाऱ्याचं भाषण, काहीही असो, कापड, बांबू आणि दोऱ्या मालकांच्या. घराच्या मागे लांबलचक वखार होती, तिच्यात कनातींचे गठ्ठे छपरापर्यंत रचलेले. ते कनातींना माणसासारखं ओळखत. "ही थोरल्या पेठेतल्या पाटलांच्या लग्नातली, हिच्यावर बासुंदी सांडल्या. ही मैदानातली, हिला गुलाल लागलाय तो मरंस्तवर जायाचा न्हाय." उंचीला बेताचे, डोक्याला घट्ट बांधलेला पटका, आणि चालताना मान कायम वर. गावातली पोरं म्हणायची की मालक देवाला शोधतात. ते वारा बघत असायचे.

मंडपवाल्याचा एकच वैरी, वारा. मालकांनी वाऱ्यांना नावं ठेवली होती. पश्चिमेचा तो मेव्हणा: न सांगता येणार, येताना पाऊस घेऊन येणार आणि जाताना काहीतरी मोडून जाणार. पूर्वेचा सासरा: कोरडा, पण वेळेवर. उन्हाळ्यात भर दुपारी गरगरत येणारी वावटळ म्हणजे विहीण, कुठून येईल आणि कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. खरं तर मालकांना मेव्हणा नव्हता. मालकीणबाई एकुलत्या एक. पण अनुभव नसताना ठाम बोलणं हा कोल्हापूरच्या पाण्याचा गुण असावा.

या वैऱ्याशी भांडायचं कसं, ते मला त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. "वैनी, वाऱ्याला आडवं जायाचं न्हाय. त्येला वाट द्यायची." म्हणून त्यांच्या प्रत्येक मोठ्या कापडाला जागोजागी वीत-दीड वीत उभी चीर ठेवलेली असे, कडा नीट शिवून घेतलेली. तिला ते तोंड म्हणत. वारा तोंडातून निघून जातो, म्हणून मंडप जाग्यावर राहतो. एका लग्नात दुसऱ्या कुणीतरी बिनतोंडाचा मंडप घातला होता, तो वऱ्हाडाच्या डोक्यावरून उठला आणि शेजारच्या उसात जाऊन पडला, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की शेवटी शेवटी त्या उसाची मला दया येई.

त्यांना न बांधलेली वस्तू बघवत नसे. दुधाची किटली, छत्री, नळाची तोटी, मालकीणबाईंच्या किल्ल्या, सगळ्याला दोरी. लग्नाच्या पंगतीत पान वाढून झालं तरी ते आधी मंडपाभोवती एक फेरी मारून एकेक तणावा ओढून बघत आणि मगच पानावर बसत. "गाठ अशी मारावी, वाऱ्याला सुटू ने आन् आपल्याला जड जाऊ ने," हे त्यांचं वेदवाक्य. पुढे आमची बदली झाली तेव्हा सगळं सामान त्यांनी स्वतः बांधून दिलं. नव्या गावी गेल्यावर ह्यांनी सवयीनं सुरी काढली. मी म्हटलं थांबा, आणि एकेक टोक धरून झटका दिला. अख्खा संसार पाच मिनिटांत मोकळा झाला. ह्यांनी त्या दिवशी कोल्हापूरच्या दिशेनं हात जोडले.

मालकीणबाई कोकणातल्या. देवगडच्या अलीकडे एका खाडीवर त्यांचं माहेर, वडील तांडेल, म्हणजे होडी हाकणारे म्होरके. घाट चढून कोल्हापुरात आल्याला वीस-एक वर्षं झालेली, त्यामुळे एरवी झकास कोल्हापुरी बोलत. रागावल्या मात्र की मालवणी सुरू. मालक म्हणायचे, "घाटाखालचा वारा सुटला. कनाती गुंडाळा."

एका उन्हाळ्यात त्यांच्या माहेरचा एक नातेवाईक फणस घेऊन आला. जेवता जेवता त्यानं सहज सांगितलं की तांडेल आता होडी मोडायला काढणार. शीड कुजलं, दोऱ्या गेल्या, नवीन सगळं घ्यायचं तर होडीपेक्षा जास्त खर्च, आणि एवढं करून चालवणार कोण? कौलांच्या भट्टीवाल्यानं जळणासाठी लाकूड मागितलं होतं. दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलंय, मग कुऱ्हाड.

मालकीणबाईंनी पाहुण्याला आग्रह करून वाढलं. तो गेल्यावर तांदूळ निवडायला सूप घेऊन अंगणात बसल्या, आणि दिवस मावळला तरी निवडत होत्या. मी जवळ जाऊन बसले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ती होडी माज्या जल्माक बांदलेली." मुलगा झाला असता तर बांधली असती तशी तांडेलांनी मुलीच्या जन्माला होडी बांधली होती. लग्न होईपर्यंत त्या वडिलांबरोबर होडीत असायच्या, सुकाणूसुद्धा धरायच्या. कोल्हापुरात आल्यावर त्यांना पाणी भेटलं ते हंड्यातलं.

मालक सोप्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीतून धूळ उडायला लागली. मी डोकावले तर मालक कनातींच्या गठ्ठ्यावर उभे, आणि खाली त्यांचा जुना कामगार दादबा. दादबाचा स्वभाव असा की सूर्य उगवला तरी म्हणायचा, बघू किती वेळ टिकतोय.

"वैनी, शीड म्हंजे काय? कापड. होडीच्या त्या बाकीच्या दोऱ्या? दोऱ्याच की. डोलकाठी? बांबू. आमी जल्मभर दुसरं काय केलंय?"

"मालक, मंडप जाग्यावर ऱ्हातोय. होडी पळत्या," दादबा म्हणाला.

"मग काय झालं? पळता मंडप करायचा!"

पहाटेच स्टँडवर गाठून त्यांनी त्याच पाहुण्याबरोबर सासऱ्यांना निरोप धाडला होता, की शीड मी करून आणतो. आठवड्याभरात उलटा निरोप आला. तांडेल म्हणाले होते, शीड म्हणजे बारशाचा पडदा नव्हे. दसऱ्याला घेऊन या. वारा धरला तर होडी तुमची, नाही धरला तर भट्टीची.

झालं. आमच्या घराचा कारखाना झाला. विकत काही आणायचं नाही, हा मालकांचा हट्ट. खिसा हे एक कारण होतंच, पण खरं कारण असं की विकतच्या वस्तूवर त्यांचा विश्वासच नव्हता. विहिरीत पडलेली कळशी काढायला चार आकड्यांचा लोखंडी गळ असतो, तो त्यांनी लोहाराकडून मोठ्ठा करून घेतला आणि म्हणाले, हा होडीचा नांगर. शीड वर ओढायला कप्प्या हव्यात, तर मुरगूडच्या बाजारातून मोडक्या बैलगाड्यांच्या चाकांची बाभळीची लाकडं आणली आणि सुताराला मांडीवर चित्र काढून दाखवलं. डोलकाठीला शीड बांधणाऱ्या कड्यांसाठी पेठेतल्या बायकांच्या फाटक्या चाळण्या गोळा केल्या आणि त्यांच्या गोल लाकडी कडा वापरल्या. आमची पिठाची चाळणी तर फाटलेलीही नव्हती. डोलकाठी ताणून कशी धरायची याचा प्रश्न आला तेव्हा मालक म्हणाले, जोतिबाची सासनकाठी बघा. एवढी उंच काठी, डोंगरावर, गर्दीत, नाचवत नेतात, ती कशावर उभी राहते? चारी अंगांनी धरलेल्या दोऱ्यांवर. ते मला पटलं. दादबालासुद्धा पटलं, म्हणजे बघा.

शीड शिवायचं काम माझ्या मशीनवर. कनातीचं कापड एवढं जाड की सुया काडीसारख्या मोडायच्या. कोपरे आणि कडा मालक हातानं शिवत, गोणपाटाच्या दाभणानं. दाभण रेटून तळहाताला भोकं पडायला लागली तेव्हा ते चपला करणाऱ्या आपल्या दोस्ताकडे गेले आणि त्याच्याकडून हाताला बांधायची चामड्याची पट्टी करून आणली, अंगठ्याला भोक, तळव्याला जाड चकती. कोल्हापुरी चपलेसारखीच, वरती वेणीसुद्धा घातलेली. मालक ती घालून बाजारात जायचे. लोक विचारायचे, "मालक, हाताला काय झालं?" ते म्हणायचे, "हात आता चालाय लागलाय."

हे सगळं मालकीणबाईंपासून लपवून चाललं होतं, म्हणजे मालकांची तशी समजूत होती. जमलं नाही तर उगाच तिच्या जिवाला घोर नको, असं ते मला दहादा बजावत. वखारीचं दार लावून घेत, आणि आतून ठोकाठोकीचा, मशीनचा आणि दादबाच्या कुरकुरीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जात असे. मालकीणबाई बाहेरून चहा ठेवून जायच्या. कप मोजून ठेवलेले असत, माझ्यासाठी बिनसाखरेचा धरून.

शिवता शिवता मालक खडूनं खुणा करायचे. "वैनी, हितं तोंड ठेवा. आन् हितं एक."

मी विचारलं, "शिडालाही तोंडं लागतात?"

"कापड म्हटलं की तोंड लागतंयच की! न्हायतर फाटंल."

मी नाशिककडची. गोदावरीत नावा पाहिल्या होत्या त्या वल्ह्यांच्या. मी तोंडं ठेवली आणि त्यांच्या कडा इतक्या सुबक शिवल्या की मालक म्हणाले, असली तोंडं आजपातूर कुठल्या मंडपाला झाली न्हाईत.

श्रावणात पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा रंकाळ्यावर परीक्षा घ्यायचं ठरलं. होडी कुठून आणायची? मालकांनी एका गुऱ्हाळवाल्याची काहील मागून आणली. उसाचा रस कढवायची ती लोखंडी कढई, चार-पाच माणसं आरामात बसतील एवढी. पुराच्या वेळी आमच्या भागात लोक काहिलीतूनच नदी ओलांडतात, तेव्हा काहील पाण्यात सोडली यात कुणाला काही वाटलं नाही. काहिलीत मधोमध उभा केलेला बांबू आणि त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कनात बघून मात्र अर्धं कोल्हापूर रंकाळ्याच्या काठावर जमलं. म्हशी धुणारे म्हशी सोडून आले.

काहिलीत दोघं, मालक आणि दादबा. मालकांनी देवाचं नाव घेतलं आणि शीड वर ओढलं. कप्पी कुरकुरली, चाळण्यांच्या कडा खडखडत वर गेल्या, कापड पसरलं. मेव्हणा अगदी जोरात होता. माझा पदर राहीना, काठावरच्या एकाची टोपी उडाली. आणि काहील जाग्यावर.

मग ती हळूहळू फिरायला लागली. पुढे नाही, नुसती गोल गोल. मालकांचं तोंड एकदा आमच्याकडे, एकदा पलीकडच्या काठाकडे.

"मालक, गूळ कवा उतरायचा?" काठावरून कुणीतरी ओरडलं. मग काय, तोंडं सुटलीच.

"आरं रस तरी उकळू द्या!"

"पावणं, बैल जुपा, बैल! घाण्याला जुपल्याबिगार रस न्हाय निघायचा!"

"मालक, मला गरगराय लागलंय," काहिलीतून दादबाचा आवाज आला. "मी सांगितलं हुतं."

मला रडू यायला लागलं होतं. दसरा दीड-दोन महिन्यांवर, आणि हे असं. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी छत्री मिटली. बघते तर मालकीणबाई. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. डोळे बारीक करून शिडाकडे बघत होत्या. मग त्यांनी काठावरच्या सगळ्या गलक्याच्या वर आवाज चढवला.

"शिडाक ती भोकां कित्याक?"

पाण्यातून उत्तर आलं, "वाऱ्याला जायाला!"

"मगे वारो गेलो! तुमी थंयच ऱ्हवलात!"

सगळा रंकाळा हसला. म्हशींचं मला सांगता येणार नाही. मालकांनी वर बघितलं. काहील फिरत होती तसं शीडही फिरत होतं, आणि त्या माझ्या सुबक तोंडांतून वारा फडफडत आरपार चालला होता. मग त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, काहिलीच्या तळाशी ठेवला आणि इतके हसले, इतके हसले की दादबानं घाबरून त्यांचं धोतर धरलं.

काठावर आल्यावर ते ओल्या अंगानं मालकीणबाईंसमोर उभे राहिले. "आयुष्यभर कापडातनं वारा घालवायचं शिकलो बघ. धरायचा कसा, ते न्हाय कुणी शिकवलं."

"मी शिकवतंय," मालकीणबाई म्हणाल्या. "घराक चला."

त्या दिवसापासून वखारीचं दार उघडं राहायला लागलं आणि कारभार बदलला. मालकीणबाईंनी जमिनीवर कोळशानं एक आकृती काढली, वाकडी, एका अंगानं फुगीर. मालक म्हणाले, हे तर तिरकं झालं. त्या म्हणाल्या, तिरकंच असतं. मालकांनी शीड कनातीसारखं सपाट शिवून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, शिडाला पोट लागतं, वारा कुठेतरी बसायला हवा की नको? आम्ही सगळं उसवलं. पट्टे तिरपे कापले, मधे फुगवटा दिला, तोंडांवर दुहेरी ठिगळं लावली. मी शिवायची, त्या कापड ओढून धरायच्या, मालक दाभण घेऊन कोपऱ्यात. मधेच मालकीणबाई कापड गालाला लावून बघायच्या. त्यांना त्यात काय कळायचं ते मी विचारलं नाही. एवढ्या दिवसांत त्यांना मी गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं. दादबानं सांगितलं, त्यानंही पहिल्यांदाच.

कापड पाण्यानं कुजू नये म्हणून तिकडे शीड झाडाच्या सालीच्या रसात भिजवतात. ती साल कोल्हापुरात कुठली? मालक चपलावाल्या दोस्ताकडे गेले. चामडं कमवायला शाहूवाडीच्या डोंगरातला हिरडा येतो, त्याच्या पाण्याची कुंडी तिथे भरलेली होती. दोस्त म्हणाला, "कातड्याला पाणी लागलं तरी कुजत न्हाय, मग कापड का कुजंल? टाका." शीड कुंडीतून निघालं ते तपकिरी होऊन. लाल पट्टे, पांढरे पट्टे, बासुंदी, गुलाल, सगळं एक झालं. वास मात्र असा की आमच्या गल्लीतून जाणारा माणूस आपोआप स्वतःच्या पायांकडे बघायचा.

नवरात्र म्हणजे मंडपवाल्याची सुगी. त्या वर्षी मालकांनी सगळी कामं दादबावर सोपवली. दादबा म्हणाला, "उडाला एखादा, तर माझ्या नावानं बोंब नगा मारू." मालक म्हणाले, "उडू दे." मालकांच्या तोंडून हे शब्द ऐकून दादबा खालीच बसला. मला तेव्हा कळलं की या माणसाच्या जिवाला हे किती लागलंय.

मी बरोबर गेले. टाके माझे होते, न जाऊन कसं चालेल? हे म्हणाले, तू जा, मूळ भाडेकरूनं गेलंच पाहिजे. एसटीच्या टपावर शीड गुंडाळून चढवलं, त्याच्यावर दोऱ्या, कप्प्या आणि तो चार आकड्यांचा नांगर. कंडक्टरनं लांबलचक गाठोडं बघितलं, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकला.

"काय हाय ह्यात?"

"मंडप."

"कुनाचं लगीन?"

"होडीचं," मालक म्हणाले, आणि टपावर चढून सगळ्या गाडीच्या सामानाला स्वतःच्या गाठी मारूनच खाली उतरले. फोंडा घाटात गाडी एवढी हेलकावली, पण टपावरचं एक बोचकं हललं नाही. घाट उतरताना मालक मात्र खिडकीत तोंड घालून बसले होते, आणि वारा बघण्यासाठी नव्हे.

खाडीवर पोचलो तर होडी मोडण्यासाठी माडांखाली ओढून ठेवलेली नव्हती, पाण्यात होती. भेगांमध्ये नवा कापूस भरलेला, तळाला तेल-चुना ताजा. मोडायला काढलेल्या होडीची एवढी निगा कोण राखतं? पण तांडेल आमच्याशी बोललेसुद्धा नाहीत. वाळलेला, काळा, उंच म्हातारा. काठावर बैलगाडी सोडून भट्टीवाला बसला होता, मांडीवर कुऱ्हाड. दसरा उजाडला होता, तो आपल्या शब्दाप्रमाणे आला होता.

तांडेलांनी दोऱ्या एकेक करून हातातून काढल्या. कप्पी फिरवली. चाळणीची कड बघून भुवई वर केली, पण ठेवून दिली. नांगराचा गळ उचलला आणि वाळूत टाकून ओढून पाहिला. शेवटी शिडाजवळ वाकले, आणि नाक वाकडं केलं.

"हेका चपलांचो वास कित्याक येता?"

मालकांनी हिरड्याची हकिकत सांगितली. म्हाताऱ्यानं शीड उचलून खांद्यावर टाकलं आणि पाण्याकडे निघाला. खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि जेवायला परत यायचं, असं ठरलं. म्हातारा सुकाणूवर, मालकीणबाई दोऱ्यांपाशी, मालक डोलकाठीला धरून. आजीबाईंनी, म्हणजे मालकांच्या सासूबाईंनी, चुलीवर खीर ठेवली होती. शीड वर गेलं. एकदा फडफडलं. मग एकदम भरलं, आणि होडी काठ सोडून निघाली ती माडांच्या मागे दिसेनाशी झाली.

जेवणाची वेळ टळली. खिरीवर साय धरली. उन्हं उतरली तरी खाडीच्या तोंडाशी काही नाही. भट्टीवाला बसूनच होता. माझ्या डोळ्यांसमोर नको ते यायला लागलं: टाका उसवला, ठिगळ सुटलं, कापड फाटलं. समुद्रात तीन माणसं, आणि शिवण माझी. आजीबाई म्हणाल्या, "भिया नको गो, तांडेल आसा बरोबर." पण रात्री त्यांनीही दाराला कडी लावली नाही आणि माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा फिरल्यावर, खाडीच्या तोंडाशी तपकिरी कोपरा दिसला. मी पळत सुटले. होडी सरळ आमच्याकडे येत होती, शीड पोटभर फुगलेलं. पुढच्या टोकावर तांडेल विडी ओढत बसलेले. सुकाणूवर मालकीणबाई, पदर कमरेला खोचलेला, केस मोकळे सुटलेले, वयानं पंधरा वर्षांनी लहान. मालक कुठेच नव्हते.

मी तशीच पाण्यात शिरले. मग होडीच्या तळातून एक हात वर आला. हातात चामड्याची पट्टी होती.

तांडेल उडी मारून उतरले आणि पहिल्यांदा भट्टीवाल्याकडे गेले. "जा रे घराक," ते म्हणाले, "हय तुका काय नाय."

"काल जेवणाक येतंव म्हणान गेल्लात!" आजीबाई कडाडल्या.

"वारो बरो होतो," म्हातारा म्हणाला. खाडीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना होडी वळवावीशीच वाटली नव्हती. विजयदुर्गापर्यंत गेले, तिथे किल्ल्याच्या आडोशाला मालकांचा गळ टाकून रात्र काढली, होडीतच भात शिजवला, आणि सकाळी परतायच्या वेळी सुकाणू मुलीच्या हातात दिलं.

मालकांना दोघांनी धरून वाळूवर आणलं. चेहरा हळदीसारखा पिवळा, डोळे आत गेलेले, पटक्याचा पत्ता नाही. कालपासून पोटात पाण्याचा थेंब ठरला नव्हता. स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन ते सगळा वेळ उताणे पडून वर शिडाकडे बघत होते. मी जवळ बसले. त्यांनी माझा हात धरला.

"वैनी, टाका एक उसवला न्हाय."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मालकीणबाई अजून होडीतच होत्या, हात सुकाणूवर. उतरायचं त्यांच्या मनातच दिसेना. त्यांनी खाडीकडे बघितलं, मग वाळूत पडलेल्या नवऱ्याकडे, आणि हाक मारली.

"आनी एक फेरी मारूया?"

मालक माझ्या खांद्याला धरून उठले. गुडघाभर पाण्यात गेले, होडीची कड धरून क्षणभर थांबले.

"मारू की," ते म्हणाले, आणि डोळे घट्ट मिटून होडीत चढले.